मोनिकेची विनवणी

ऑगस्टीनचे नाव आपल्या मंडळ्यांत सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याची आई मोनिका हिच्याविषयी मात्र ती मुलासाठी फार रडली, एवढेच आपण संडे स्कूलच्या मुलांना सांगतो. मुलांसाठी रडणाऱ्या आया पुष्कळ असतात.

सुमारे ३३२ साली उत्तर आफ्रिकेतील थागास्ते गावी (हा भाग आज अल्जीरिया देशात आहे) ती जन्मली. पती पॅट्रिशियस तापट व अख्रिस्ती. तो रागावला म्हणजे ती उलट उत्तर देत नसे. राग निवळल्यावर आपले म्हणणे सांगे. मरणापूर्वी त्याने बाप्तिस्मा घेतला.

मुलाचे प्रकरण कठीण होते. ३५४ साली जन्मलेला हा बुद्धिमान मुलगा कार्थेजला शिकावयास गेला, लग्नावाचून एका स्त्रीबरोबर राहू लागला आणि एकोणिसाव्या वर्षी इराणच्या मानी नावाच्या गुरूच्या पंथात शिरला. मोनिकेने प्रथम त्याला आपल्या पंक्तीलाही बसू दिले नाही. मग तिला स्वप्न पडले. आपण उभ्या आहोत तेथेच मुलगाही उभा आहे, असे तिने पाहिले व त्याला पुन्हा घरात घेतले. एका बिशपकडे जाऊन, मुलाची समजूत घाला, म्हणून तिने गळ घातली. तो स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेला. मुलगा अजून ऐकण्याच्या स्थितीत नाही, तू प्रार्थना करीत राहा, असे त्याने सांगितले. तरी ती हटेना. शेवटी त्रासून त्याने तिला घरी जावयास सांगितले; पण जिचे अश्रू असे वाहतात तिचा मुलगा बुडणार नाही, असा दिलासाही दिला.

३८३ साली ऑगस्टीन रोमला निघाला. ती किनाऱ्यापर्यंत मागे आली. एका मित्राला निरोप द्यावयाचा आहे, अशी थाप मारून त्याने तिला जवळच्या प्रार्थनास्थानी रात्र काढावयास लावले. मुलाने जाऊ नये म्हणून ती रात्रभर देवाला विनवीत होती, आणि त्याच रात्री गलबत सुटले. सकाळी किनारा रिकामा! तिने जे मागितले ते सपशेल नाकारले गेले. पण रोमहून तो मिलानला गेला, आणि तेथेच बिशप आंब्रोजचे उपदेश त्याच्या कानी पडले. आईची त्या रात्रीची विनंती देवाने मान्य केली असती तर तो कार्थेजलाच राहिला असता. ऑगस्टीनने हे स्वतःच 'कन्फेशन्स' या ग्रंथात कबूल केले आहे.

पुढे समुद्र ओलांडून तीही मिलानला आली. आफ्रिकेतील रिवाजाप्रमाणे हुतात्म्यांच्या थडग्यांकडे ती लापशी, भाकर व द्राक्षारस घेऊन गेली, तेव्हा द्वारपाळाने अडवले. बिशपांची मनाई होती. वाद न घालता तिने टोपली परत नेली. मुलालाही याचे नवल वाटले. मला वाटते, किनाऱ्यावरच्या त्या सकाळीच ती हे शिकली असावी.

३८६ साली मिलानच्या एका बागेत रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील वचन वाचून ऑगस्टीनने आपले जीवन प्रभूला दिले आणि लगेच आत जाऊन आईला सांगितले. ३८७ च्या ईस्टरला आंब्रोजने त्याला बाप्तिस्मा दिला.

त्याच वर्षी आफ्रिकेला परतताना रोमजवळील ऑस्तिया बंदरात तिला ताप आला. थागास्तेला पतीशेजारी आपली कबर व्हावी ही तिची फार दिवसांची इच्छा होती. तीही तिने सोडली. देह कोठेही पुरा, असे मुलांना सांगितले. नवव्या दिवशी, वयाच्या ५६ व्या वर्षी, ती वारली. १९४५ साली ऑस्तियात खेळासाठी खांब रोवावयास खड्डा खणणाऱ्या मुलांना तिच्या कबरेवरील शिलालेखाचा एक तुकडा सापडला.