वादळांचे चित्रकार झोझेफ व्हर्ने

झोझेफ व्हर्ने यांचा जन्म फ्रान्स देशातील आव्हिन्यों शहरी १७१४ साली झाला. त्यांचे वडील रंगारी असून गाड्या व मेणे यांवर चित्रे काढीत. त्यांच्याच हाताखाली मुलाने कुंचला धरिला. १७३४ साली व्हर्ने समुद्रमार्गे रोम शहरी गेले. त्या प्रवासात तुफान झाले असता त्यांनी स्वतःस डोलकाठीस बांधवून घेऊन लाटा न्याहाळिल्या, अशी आख्यायिका आहे. नातू ओरास यांनी १८२२ साली त्या प्रसंगाचे चित्र काढिले.

१७५३ साली राजे पंधरावे लुई यांनी फ्रान्सची बंदरे चितारण्याचे काम व्हर्ने यांजवर सोपविले. १७६५ पर्यंत त्यांनी अशी १५ चित्रे पुरी केली.

त्यांचे १७७२ सालचे गलबत फुटल्याचे चित्र आम्हांस विशेष वाटते. गलबत खडकावर आदळले आहे आणि माणसे दोरास धरून काठावर उतरत आहेत. अफाट आकाश व लाटा यांपुढे ती अगदी लहान दिसतात. तथापि पाहणाऱ्याची दृष्टी त्यांजवरच खिळते. समुद्र किती भयंकर आहे एवढेच व्हर्ने यांनी दाखविले नाही. त्यात सापडलेला जीव किती मोलाचा आहे हेही दाखविले. १७८९ साली ते पॅरिस येथे निवर्तले.