लोकनायक बापूजी अणे : मतभेद आणि न्यायबुद्धी

राजकीय व्यक्तीचे चरित्र वाचण्यापूर्वीच आपल्या मनात बहुधा एक निवाडा तयार असतो. ती व्यक्ती आपल्या मताची असेल, तर तिचे दोष नजरेआड होतात. विरुद्ध मताची असेल, तर तिच्या कृतीमागील कारणे शोधण्याची गरजच वाटत नाही. माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे यांचे चरित्र या सवयीची परीक्षा घेणारे आहे. म्हणून ते वाचताना आपण आपला कौल काही काळ राखून ठेवावा.

अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. वणी यवतमाळ जिल्ह्यात असली, तरी तेथून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. नागपूर येथे शिक्षण घेऊन अणे यांनी यवतमाळला वकिली केली. ते लोकमान्य टिळकांचे निष्ठावंत अनुयायी होते. टिळकांवर त्यांनी ‘तिलकयशोऽर्णवः’ हे संस्कृत महाकाव्य रचले आणि त्यास १९७३ साली मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. सरकार जे अधिकार देईल ते स्वीकारावेत, वापरावेत आणि उरलेल्यांसाठी झगडत राहावे, ही टिळकांची प्रतियोगी सहकारितेची भूमिका त्यांना पटलेली होती. गांधीजींचा कायदेमंडळांवरील बहिष्कार त्यांना पटला नाही. १९२६ साली ते केळकर, जयकर व मुंजे यांच्याबरोबर प्रतियोगी सहकारवाद्यांच्या गटात उभे राहिले.

एवढ्यावरून अणे यांना गांधीविरोधकांच्या रकान्यात टाकण्याची घाई करू नका. १९३० साली सविनय कायदेभंग सुरू झाला, तेव्हा त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळातील जागा सोडली. विदर्भाला समुद्र नाही, म्हणून येथे मिठाऐवजी जंगलाचा कायदा मोडण्यात आला. गवत, सरपण आणि गुरांची चराई यांवरील निर्बंध वनप्रदेशातील माणसाला मिठावरील करापेक्षाही जवळून जाचत होते. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून अणे यांनी सत्याग्रह केला आणि कारावास पत्करला.

पुढच्याच वर्षी बंगाल काँग्रेसमध्ये सुभाषचंद्र बोस आणि जतींद्रमोहन सेनगुप्त यांच्या गटांत वाद विकोपाला गेला. तो मिटविण्यासाठी लवाद म्हणून अणे यांची निवड झाली. दोन्ही बाजू ऐकून घेणारा मनुष्य म्हणून त्यांची ख्याती होती, हे यावरून दिसते. १९३३ साली ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. मात्र ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्याबाबत काँग्रेसने स्वीकारही नाही आणि नकारही नाही असे धोरण घेतले, तेव्हा १९३४ साली मदनमोहन मालवीय यांच्यासह त्यांनी वेगळा काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला.

आता चरित्रातील सर्वांत अवघड प्रसंगाकडे वळू. १९४१ साली अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले. पुढच्या वर्षी ‘छोडो भारत’ आंदोलन पेटले आणि काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले. अणे मात्र सरकारात राहिले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे मिरवणुकीवर गोळीबार झाला. त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा मारला गेला. संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही ठार झाले. त्यानंतर आलेल्या लष्कराने गावावर, विशेषतः स्त्रियांवर, अत्याचार केल्याच्या तक्रारी झाल्या. या तक्रारींची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी दिल्लीला अणे यांच्या घरी गेले. अणे यांनी स्वतः चिमूरला यावे, अशी त्यांची मागणी होती. ती पूर्ण झाली नाही, तेव्हा भन्साळींनी अणे यांच्याच दारी उपोषण आरंभले. पुढे महाराष्ट्रभूमीवर परतून त्यांनी चालविलेले उपोषण त्रेसष्ट दिवसांनी, १२ जानेवारी १९४३ रोजी, सुटले.

येथे थोडे थांबा. चिमूरच्या घरातून पाहिले, तर नदीपलीकडचा आपलाच माणूस सत्तेत असून आला नाही, ही वेदना रास्त आहे. अणे यांच्या बाजूने पाहिले, तर सत्तेत राहूनच काही साधता येते, हे त्यांचे आयुष्यभराचे मत होते. ते संधिसाधूपणातून एकाएकी उपजले नव्हते. दुसरी बाजू समजून घेतल्याने पहिली वेदना खोटी ठरत नाही. तसेच पहिल्या वेदनेमुळे अणे देशद्रोही ठरत नाहीत. अवघ्या महिन्याभरात या मताची कसोटी लागली. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये उपोषण आरंभले आणि सरकारने त्यांची सुटका नाकारली. तेव्हा होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह अणे यांनी राजीनामा दिला. ज्यांच्या मार्गाशी त्यांचे अनेकदा पटले नाही, त्यांच्यासाठी त्यांनी पद सोडले.

स्वातंत्र्यानंतर अणे १९५२ पर्यंत बिहारचे राज्यपाल होते. पुढे त्यांनी स्वतंत्र विदर्भाचा पुरस्कार केला आणि त्याच भूमिकेवर १९६२ साली नागपूरमधून ते लोकसभेवर निवडून आले. योगायोग असा की, त्याच वर्षी चांद्याचे मारोतराव कन्नमवार संयुक्त महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. म्हणजे एकाच प्रदेशाच्या हिताचा विचार करणारे दोन ज्येष्ठ नेते राज्याच्या प्रश्नावर विरुद्ध बाजूंना उभे होते. चंद्रपूर व गडचिरोलीत हा प्रश्न आजही चर्चिला जातो. त्या चर्चेत विरोधकाचा हेतू आधी ठरवून त्याचे म्हणणे नंतर ऐकले जाते का, याचे निरीक्षण आपण अवश्य करावे. अणे यांचे २६ जानेवारी १९६८ रोजी निधन झाले.

स्वाध्याय : आपल्याला अजिबात न पटणारी अणे यांची एक भूमिका निवडा. तिच्या बाजूचे सर्वांत सबळ कारण, अणे यांच्या समर्थकालाही मान्य होईल अशा शब्दांत, प्रथम लिहा. त्यानंतरच आपला आक्षेप मांडा. दोन्ही परिच्छेद सारख्याच लांबीचे असावेत.