रेडिओवरील धर्मगुरू आणि रस्त्यावरील जमाव

१९३८ च्या डिसेंबर महिन्यात न्यूयॉर्कमधील डब्ल्यूएमसीए या नभोवाणी केंद्रासमोर दर रविवारी निदर्शकांची गर्दी होऊ लागली. केंद्राने एका कॅथलिक धर्मगुरूचे भाषण प्रक्षेपित करण्यास नकार दिला, हे त्या निदर्शनांचे निमित्त. मात्र निदर्शकांचा रोष केंद्रापुरता राहिला नाही, तो शहरातील ज्यू रहिवाशांकडे वळला. जमावात मंदीने गांजलेले, आयरिश वंशाचे सामान्य कॅथलिक मोठ्या संख्येने होते. आपल्या हलाखीमागे एक जागतिक कारस्थान आहे, अशी त्यांची खात्री पटवून देणारे धर्मगुरू म्हणजे फादर चार्ल्स कॉगलिन. हिटलरच्या जर्मनीपासून हजारो मैल दूर, लोकशाही नांदत असलेल्या देशात हे घडत होते.

कॉगलिन यांचा जन्म २५ ऑक्टोबर १८९१ रोजी कॅनडातील हॅमिल्टन येथे आयरिश वंशाच्या कुटुंबात झाला. टोरांटोत शिक्षण घेऊन १९१६ मध्ये त्यांनी धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली आणि काही वर्षे अध्यापन केले. १९२६ मध्ये डेट्रॉइटजवळील रॉयल ओक येथील नव्या चर्चची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्या भागात कॅथलिक कुटुंबे मूठभर होती आणि कू क्लक्स क्लॅन ही संघटना प्रबळ होती. तिच्या लोकांनी चर्चच्या आवारात क्रूस पेटवून आपले स्वागत केले, असे कॉगलिन सांगत असत. धर्मद्वेषाचे चटके सोसलेल्या समाजाचा हा धर्मगुरू पुढे दुसऱ्या धर्मसमूहाविषयीच्या द्वेषाचा प्रचारक व्हावा, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग होय.

चर्चसाठी निधी जमवावा आणि कॅथलिकांविषयीचे गैरसमज दूर करावेत, या हेतूने १७ ऑक्टोबर १९२६ रोजी त्यांनी डब्ल्यूजेआर केंद्रावरून पहिले भाषण केले. आवाज कमावलेला, शब्दकळा सोपी आणि उच्चारांत आयरिश वळणाची किंचित छटा. आरंभी लहान मुलांसाठी धर्मकथा सांगणारा हा कार्यक्रम १९२९ च्या शेअर बाजार कोसळण्यानंतर पूर्णपणे बदलला. डेट्रॉइटचे मोटार कारखाने थंडावले, कामगार रस्त्यावर आले आणि १९३३ च्या फेब्रुवारीत मिशिगन राज्यातील बँकांचे दरवाजेच बंद झाले. लोकांचा संताप खरा होता आणि बँकांच्या कारभारातील गैरप्रकारही काल्पनिक नव्हते. कॉगलिन यांनी या संतापाला शब्द दिले. त्यांच्या श्रोत्यांची संख्या तीन कोटींपर्यंत गेल्याचा अंदाज त्या काळी वर्तवला जात असे. पत्रे आणि त्यांतून येणाऱ्या देणग्या हाताळण्यासाठी त्यांना शंभरहून अधिक कारकून नेमावे लागले.

१९३२ च्या निवडणुकीत त्यांनी रूझवेल्ट यांची पाठराखण केली. सत्तेवर आलेल्या अध्यक्षांनी मात्र त्यांच्या सल्ल्याला फारशी किंमत दिली नाही. चलनात चांदीला स्थान मिळावे, हा कॉगलिन यांचा लाडका आग्रह होता. १९३४ मध्ये अर्थखात्याने चांदीचे मोठे साठे करणाऱ्यांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा कॉगलिन यांच्या संस्थेच्या निधीतून त्यांच्या सचिवांनी पाच लाख औंस चांदीचे वायदे केल्याचे उघड झाले. सट्टेबाजांवर आसूड ओढणाऱ्याची एवढी फजिती पुरेशी ठरायला हवी होती. अनुयायांनी मात्र या खुलाशातच सरकारचा सूड पाहिला. कारस्थानावर श्रद्धा जडली की तिला खोडून काढणारा पुरावाही कारस्थानाचाच भाग ठरतो.

त्याच वर्षी त्यांनी 'नॅशनल युनियन फॉर सोशल जस्टिस' ही संघटना स्थापन केली. जागतिक न्यायालयात अमेरिकेने सहभागी होऊ नये, असे आवाहन त्यांनी १९३५ च्या जानेवारीत रेडिओवरून करताच सिनेटवर तारांचा पाऊस पडला आणि ठरावाला आवश्यक दोनतृतीयांश मते मिळाली नाहीत. १९३६ मध्ये मात्र त्यांनी पुढे केलेले अध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम लेम्की यांना दोन टक्केही मते पडली नाहीत. लेम्की यांना नव्वद लाख मते न मिळाल्यास रेडिओ सोडण्याची घोषणा त्यांनी केली होती. काही आठवड्यांतच ते परतले.

मतपेटीतील या पराभवानंतर त्यांच्या भाषेचा कडवटपणा वाढला. आंतरराष्ट्रीय सावकार हा त्यांचा जुना शब्दप्रयोग आतापर्यंत धूसर होता. ऐकणाऱ्याने हवा तो अर्थ घ्यावा. त्या सावकाराला ज्यू चेहरा देण्याचे काम १९३८ च्या जुलैपासून त्यांच्या 'सोशल जस्टिस' साप्ताहिकाने उघडपणे केले. ज्यू नेते जग ताब्यात घेण्याची योजना आखत असल्याचे भासवणारा 'प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन' हा बनावट दस्तऐवज त्यात क्रमशः छापला जाऊ लागला. तो मोरीस जोली या फ्रेंच लेखकाच्या १८६४ मधील राजकीय उपहासातून उचललेला आहे, हे लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ मध्येच सप्रमाण दाखवले होते. दस्तऐवज अस्सल आहे की नाही हा प्रश्न गौण असून त्यातील मजकूर घडणाऱ्या घटनांशी जुळतो, एवढे पुरेसे आहे, असा कॉगलिन यांचा पवित्रा होता. या युक्तिवादापुढे कोणताही पुरावा निष्प्रभ ठरतो. पुढे डिसेंबरात त्यांच्या नावाने छापलेल्या एका लेखात गोबेल्सच्या १९३५ मधील भाषणाचे उतारेच्या उतारे आढळले.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळण्यात आली, दुकाने फोडण्यात आली. त्यानंतर २० नोव्हेंबरच्या भाषणात कॉगलिन यांनी नाझीवाद ही साम्यवादाविरुद्धची प्रतिक्रिया असल्याचे सांगितले आणि रशियन राज्यक्रांतीला ज्यू सावकारांनी पैसा पुरवल्याचा खोटा दावा केला. डब्ल्यूएमसीएने त्यांच्या विधानांत चुका असल्याचे श्रोत्यांना लगेच सांगितले आणि पुढील भाषणाची संहिता आगाऊ मागितली. ती न मिळाल्याने भाषण रोखले गेले. अनुयायांच्या लेखी मुस्कटदाबीचा हा धडधडीत पुरावा होता. १८ डिसेंबरला सुमारे दोन हजार समर्थकांनी न्यूयॉर्कमध्ये मोर्चा काढला. युरोपातून जीव वाचवून येऊ पाहणाऱ्या ज्यूंना अमेरिकेत आश्रय मिळू नये, ही त्यांची मागणी होती.

कॉगलिन यांच्या प्रेरणेने 'ख्रिश्चन फ्रंट' ही संघटना उभी राहिली होती. तिचे कार्यकर्ते चौकाचौकांत साप्ताहिक विकत, ज्यू दुकानदारांवर बहिष्काराची हाक देत आणि वाटसरूंशी हाणामाऱ्या करत. जानेवारी १९४० मध्ये एफबीआयने ब्रुकलिनमधील १७ जणांना सरकार उलथवण्याचा कट रचल्याच्या आरोपावरून अटक केली. काल्पनिक कटाला घाबरलेल्यांवरच कटाचा खटला चालला. कॉगलिन यांनी प्रथम हात झटकले आणि नंतर आरोपींची बाजू घेतली. एकालाही शिक्षा झाली नाही.

तोपर्यंत प्रक्षेपकांच्या संघटनेने वादग्रस्त वक्त्यांना वेळ विकण्यावर निर्बंध आणले होते. १९४० मध्ये कॉगलिन यांचा कार्यक्रम बंद पडला. पर्ल हार्बरनंतरही त्यांचे साप्ताहिक युद्धाचे खापर ज्यूंवर फोडत राहिले, तेव्हा १९४२ च्या एप्रिलमध्ये सरकारने त्याची सवलतीची टपालसेवा काढून घेतली. खटला चालवून त्यांना हुतात्मा करण्याची सरकारची इच्छा नव्हती. आर्चबिशप एडवर्ड मूनी यांनी सार्वजनिक राजकारण सोडण्याचा आदेश दिला आणि कॉगलिन यांनी तो मानला. आर्चबिशपांचा हा शब्द चार वर्षे आधी आला असता तर, असा प्रश्न कॅथलिक चर्चला पुढे वारंवार विचारला गेला.

श्रोत्यांच्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या रॉयल ओकच्या चर्चमध्ये ते १९६६ पर्यंत प्रमुख धर्मगुरू म्हणून काम करत राहिले. २७ ऑक्टोबर १९७९ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, मिशिगनमधील ब्लूमफील्ड हिल्स येथे त्यांचे निधन झाले.