ह्यूगो ग्रोशियस : पेटीतून सुटलेला बंदिवान

ज्याचे नाव न्यायशास्त्राचे अभ्यासक आजही आदराने घेतात, तो ह्यूगो ग्रोशियस हॉलंडातील डेल्फ्ट नगरात १० एप्रिल १५८३ रोजी जन्मला. त्याची बुद्धी इतकी कुशाग्र की, अकराव्या वर्षी तो लायडेनच्या विद्यापीठात दाखल झाला. पुढे थोर मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट ह्याचा त्यावर लोभ जडला, आणि १६१३ साली रॉटरडॅम नगराच्या प्रमुख कायदेपंडिताचे पद त्यास मिळाले.

ह्या सुमारास तेथील प्रॉटेस्टंट मंडळीत मोठा कलह माजला होता. देव तारणासाठी मनुष्यांची निवड कशी करतो, ह्या प्रश्नावरून आर्मिनियस व गोमारस ह्या दोन अध्यापकांच्या अनुयायांचे दोन तट पडले. अशा गहन विषयात बंधूंनी एकमेकांचे सोसून घ्यावे, असे ग्रोशियसचे मत होते. परंतु धर्मवादात राजकारण शिरले. ग्रोशियसच्या पक्षाने नगरांस स्वतःचे शिपाई ठेवण्याची मुभा दिली. सेनापती प्रिन्स मॉरिस विरुद्ध पक्षास मिळाला. २९ ऑगस्ट १६१८ रोजी ओल्डनबार्नेव्हेल्ट व ग्रोशियस ह्यांस कैद झाली. पुढल्या मे महिन्यात त्या एकाहत्तर वर्षांच्या वृद्धाचा शिरच्छेद झाला, आणि ग्रोशियसला जन्मठेप देऊन लूव्हेस्टाइनच्या किल्ल्यात ठेवण्यात आले.

त्याची पत्नी मारिया हिने पतीबरोबर बंदिवास पत्करला. तुरुंगात ग्रोशियसने खलाशांकरिता ख्रिस्ती धर्माच्या सत्यतेविषयी डच भाषेत एक काव्य रचले. स्नेही त्यास वाचावयास ग्रंथ धाडीत व ते एका मोठ्या पेटीतून जात-येत. पहारेकरी आरंभी ती पेटी बारकाईने तपाशीत; पुढे ते कंटाळले. हे त्या चतुर स्त्रीने हेरले. २२ मार्च १६२१ रोजी तिने पतीला त्या पेटीत निजवून कुलूप लावले व आपण कोठडीतच राहिली. शिपायांनी पेटी उचलून नावेत ठेवली, आणि एल्स्ये नावाची निष्ठावंत दासी धैर्याने तिजबरोबर गेली. पलीकडल्या गावी ग्रोशियसने गवंड्याचा वेष घेतला व अँटवर्पमार्गे तो पॅरिस येथे पोहोचला. मारियेचीही लवकरच सुटका झाली.

परदेशी त्याने वैऱ्यांचा सूड चिंतिला नाही. युरोपात तीस वर्षांचे युद्ध पेटले असता १६२५ साली त्याने युद्ध व शांती ह्यांच्या नियमांवर आपला महान ग्रंथ प्रसिद्ध केला. युद्धातही मनुष्य व राजा न्यायाने बांधलेले आहेत, हे त्याचे सार होय. १६३१ साली तो मायदेशी परतला, परंतु वैर शमले नव्हते. पुढल्याच वर्षी त्यास पुन्हा देश सोडावा लागला. नंतर सुमारे दहा वर्षे तो पॅरिसमध्ये स्वीडनचा वकील होता.

१६४५ साली स्वीडनहून निघाला असता त्याचे गलबत वादळात सापडले. थकलेल्या स्थितीत तो जर्मनीतील रॉस्टॉक नगरी आला. तेथील पाळकाने त्या मरणोन्मुख पंडितास परूशी व जकातदार ह्यांचा दाखला सांगितला, तेव्हा आपण तो जकातदारच आहो, असे त्याने नम्रपणे कबूल केले. २८ ऑगस्ट रोजी तो निवर्तला. ज्या देशाने जिवंतपणी त्यास थारा दिला नाही, त्याच देशात, डेल्फ्टच्या मंदिरात, त्याचा देह विसावला आहे.

वाचकहो, त्या काळी दोन्ही पक्ष एकाच प्रभूचे नाव घेत होते. आपल्या मंडळीत मतभेद उठेल तेव्हा हे स्मरावे, आणि बंधूला बाहेर घालविण्यापूर्वी गुडघे टेकावे.