फ्रीडलबाई ब्रँडाइस आणि तेरेझीनची मुले

ऑस्ट्रिया देशाची राजधानी जी व्हिएन्ना, तेथे ३० जुलै १८९८ रोजी एका सामान्य स्थितीतील यहूदी घरात फ्रीडल डिकर हिचा जन्म झाला. ती अगदी लहान असता तिची आई वारली. बाप कागद, पेन्सिली, रंग वगैरे सामानाच्या दुकानात चाकरीस होता. त्या दुकानातील सामान हेच ह्या पोरक्या मुलीचे पहिले खेळणे झाले.

पुढे ती छायाचित्रण व कापडावरील नक्षीकाम शिकली. नंतर योहानेस इटेन ह्या चित्रशिक्षकाची शिष्या झाली आणि १९१९ साली त्याच्या मागोमाग जर्मनीतील वायमार येथे बाउहाउस नावाच्या प्रसिद्ध कलाशाळेत गेली. इटेनची रीत चमत्कारिक होती. चित्रास हात घालण्यापूर्वी तो शिष्यांकडून श्वासोच्छ्वासाचे व अंगविक्षेपाचे व्यायाम करवून घेई. वस्तूचा डौल आधी अंगात उतरावा, मग कागदावर, असे त्याचे म्हणणे. आम्ही शाळेत होतो तेव्हा गुरुजी फळ्यावर एक आंबा काढीत आणि आम्ही साठ मुले तोच आंबा उतरवून घेत असू; ज्याचा आंबा गुरुजींच्या आंब्यासारखा, तो हुशार. इटेनच्या वर्गात तसल्या आंब्यास शून्य गुण मिळाले असते.

वायमारहून परतल्यावर फ्रान्झ सिंगर नामक सहकाऱ्याबरोबर फ्रीडलबाईंनी व्हिएन्नात घरांची व बालकमंदिराची सजावट केली आणि नाव मिळविले. त्या साम्यवादी मताच्या होत्या. १९३४ च्या सुमारास त्यांस अटक झाली. सुटका होताच त्या प्राग शहरी गेल्या. तेथे १९३६ साली पावेल ब्रँडाइस ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नाझी अमलातून पळून आलेल्या निर्वासितांची मुले प्रागमध्ये होती, त्यांस बाई चित्रकला शिकवू लागल्या. एडिथ क्रामर ही त्यांची तरुण शिष्या ह्या कामी मदतीस असे.

लवकरच नाझींचे पाऊल त्याही देशात पडले. पॅलेस्टाईनला निघून जाण्याची वाट बाईंस मोकळी होती. परंतु पतीस सोडून जाणे त्यांनी नाकारले. डिसेंबर १९४२ मध्ये पतिपत्नीस तेरेझीन येथे नेण्यात आले.

तेरेझीन हे प्रागच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरवर असलेले तटबंदीचे लष्करी गाव. सम्राट दुसरा जोसेफ ह्याने अठराव्या शतकात ते वसवून त्यास आपल्या आईचे नाव दिले. नोव्हेंबर १९४१ पासून नाझींनी तेथे यहूद्यांचा कोंडवाडा केला. सुमारे ३३,००० माणसे भूक व रोगराई ह्यांनी तेथेच मेली. सुमारे ८८,००० आगगाडीत भरून पूर्वेकडील वधस्थानांकडे पाठविली गेली.

प्रत्येक कैद्यास ५० किलो सामान नेण्याची मुभा होती. इतर लोक लोकरीचे कपडे व टिकाऊ अन्न बांधीत. फ्रीडलबाईंनी कागद व रंग बांधले. काही चादरी त्यांनी रंगवून घेतल्या होत्या; मुलांनी नाटक केले तर हिरवी चादर रान म्हणून उपयोगी पडेल, असा त्यांचा हिशेब. त्या बांधाबांधीचा विचार करता आम्हांस नवल वाटते. आम्ही असतो तर काय बांधले असते, ह्याचे उत्तर देण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

मुलांस शाळा शिकविण्याची तेथे मनाई होती, मात्र चित्रे काढणे व गाणे ह्यांकडे अधिकारी कानाडोळा करीत. मुलींचे घर गावातील ख्रिस्ती मंदिरास लागूनच होते. हे लिहिताना आमची लेखणी अडखळते. त्या घरात तीन मजली फळ्यांवर मुली दाटीने निजत. तेथेच बाईंचा वर्ग भरे. आणलेला कागद किती दिवस पुरणार? मग कचेरीतील जुने छापील तक्ते, बांधणावळीचे कागद, जे हाती येईल त्यावर मुले रंगवीत, किंवा त्याचेच तुकडे फाडून चिकटवीत व चित्र करीत. कधी बाई जुन्या थोर चित्रकारांच्या चित्रांच्या प्रती पुढे ठेवीत आणि मुले त्यांतले आकार कातरलेल्या कागदांनी जुळवीत.

कोणी फुले काढी, कोणी फुलपाखरे, कोणी अन्नाने भरलेले मेज, कोणी आपले जुने घर. कोणी तीन मजली निजायच्या फळ्याच काढी. बाई खाडाखोड करून चित्र सुधारीत नसत. १९४३ साली तेथील शिक्षकांपुढे त्यांनी मुलांच्या चित्रांविषयी व्याख्यान दिले. सगळ्यांस चित्रकार करणे हा आपला हेतू नव्हे, मुलाची कल्पना जागी व्हावी, त्याची नजर व पारख तयार व्हावी, हा हेतू आहे, असा त्याचा आशय होता. वधाच्या वाटेवरील मुलांची पारख तयार करून काय मिळवायचे, असे कोणी विचारील. बाई तो प्रश्न वर्गात येऊ देत नसत. त्यांचा एक नियम मात्र होता. चित्रावर मुलाने आपले नाव लिहावे. बाहेर ती मुले आकडे होती. आगगाडीच्या यादीत प्रत्येकास क्रमांक होता.

२८ सप्टेंबर १९४४ रोजी पावेल ह्यांस आगगाडीत घालून ऑशविट्झला पाठविले. बाईंनी आपण होऊन पुढील गाडीत जाण्यासाठी नाव दिले. त्यांनी थांबावयास हवे होते काय? ह्यावर मते देणे आम्हांस सोपे आहे. आमच्या दारात ती गाडी उभी नाही. निघण्यापूर्वी त्यांनी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे दोन पेट्यांत भरून मागे ठेविली. ६ ऑक्टोबरला त्या निघाल्या आणि ९ ऑक्टोबर १९४४ रोजी बिर्केनाउ येथे त्यांचा वध झाला. वय ४६ होते. ज्यांच्या मागे त्या गेल्या ते पावेल मात्र, सुतारकाम येत असल्यामुळे, जिवंत राहिले.

युद्ध संपल्यावर, ऑगस्ट १९४५ मध्ये, मुलींच्या घराचे व्यवस्थापक विली ग्रोग ह्यांनी त्या पेट्या प्रागच्या यहूदी मंडळीकडे पोहोचविल्या. एडिथ क्रामर १९३८ सालीच न्यूयॉर्कला गेली होती. तेथे तिने बाईंपासून शिकलेली रीत मनाने दुखावलेल्या मुलांसाठी वापरली. चित्रकलेच्या द्वारे उपचार करण्याच्या शास्त्राच्या आद्य शिक्षकांत आज तिची गणना होते. ती २०१४ साली वारली.

पेट्यांतील चित्रे काढणाऱ्या सुमारे ६६० मुलांपैकी ५५० मारली गेली. चित्रे प्रागच्या यहूदी संग्रहालयात आहेत. त्यांतील काही पिंकास नावाच्या जुन्या सभास्थानात वरच्या मजल्यावर मांडलेली असून, खालच्या भिंतींवर मारल्या गेलेल्या सुमारे ८०,००० लोकांची नावे रंगवून लिहिली आहेत. वरच्या चित्रांवर मात्र नाव ज्याचे त्याच्याच हातचे आहे, पेन्सिलीने लिहिलेले.