भाकरीच्या पलीकडचे दान : पंडिता रमाबाई

भुकेलेल्याला अन्न देणे हे पुण्यकर्म होय. परंतु त्याच्या मुलाबाळांवर पुन्हा उपासमारीची वेळ येऊ नये यासाठी झटणे, हे त्याहून कठीण काम आहे. हे कठीण काम पंडिता रमाबाई यांनी आपल्या पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे केले. त्यामागे त्यांची स्वतःची भूक होती.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथे डोंगरे या मराठी कुटुंबात झाला. वडील अनंतशास्त्री संस्कृतचे गाढे विद्वान होते. लोकनिंदा सोसून त्यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले. पुढे आईने तीच विद्या रमाबाईंना दिली. कर्जापायी गंगामूळचे घरदार सुटले आणि हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्री फिरू लागले. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. आधी दागिने गेले, मग तांब्यापितळेची भांडी गेली. शेवटी रानातील पाला खाण्याची पाळी आली. घरात विद्वत्तेला तोटा नव्हता. मात्र पोट भरण्याचे एकही कसब कोणाच्या हाती नव्हते आणि अंगमेहनत करण्यास जातीचा अभिमान आड येत होता. आईवडील व थोरली बहीण पाठोपाठ निवर्तली. हा धडा रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत.

भाऊ श्रीनिवास याच्यासह शेकडो मैल पायी भटकत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. दोनच वर्षांत वैधव्य आले. कन्या मनोरमा हिला घेऊन त्या पुण्यास आल्या व आर्य महिला समाजाची स्थापना केली. पुढे इंग्लंडला गेल्या असता २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे अँग्लिकन पंथात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविले. धर्मांतराच्या वादात अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या, तरी काम थांबले नाही. याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला. पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेलेल्या गोदूबाई विधवांच्या शिक्षणकार्यात पतीच्या बरोबरीने राबल्या.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. तेथील अनाथ, उपाशी मुलींच्या रूपाने त्यांना स्वतःचेच बालपण भेटले. त्यांनी शेकडो मुली आणल्या. केडगावच्या माळावर विहिरी खोदल्या गेल्या, झोपड्या उभ्या राहिल्या आणि मुक्ती सदन आकाराला आले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी मुली आल्या.

येथे केवळ जेवण व निवारा देऊन काम संपले नाही. प्रत्येक मुलीने वाचायला-लिहायला शिकावे आणि त्याबरोबर एखादे कामही शिकावे, असा नियम होता. शेती, गोठा, हातमाग, शिवण, तेलघाणी, स्वयंपाक, रुग्णसेवा, छापखाना अशी अनेक कामे मुली करीत. अंध मुलींनाही शिक्षण मिळे. जातीचा भेद न मानता सर्वजणी एकत्र राबत. पंडितांच्या घराला जे साधले नव्हते, ते येथे साधले. अक्षर आणि श्रम एकाच हाती आले. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून मराठीत केलेले बायबलचे भाषांतर याच मुलींनी खिळे जुळवून छापले. १९२१ साली मनोरमा निवर्तली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला. केडगावचे कार्य आजही सुरू आहे.

केडगाव आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेस आहे, तर मुळशी तालुका पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत आहे. तेथे रमाबाईंच्या अखेरच्या काळात शेतकऱ्यांच्या जमिनी धरणात जाऊ लागल्या व १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. अलीकडे हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान नगरीमुळे त्याच तालुक्यात जमिनीला सोन्याचा भाव आला. जमीन विकून आलेला पैसा बंगला, गाडी व लग्नकार्यात संपला आणि मुलांच्या हाती कसब नसले, तर अनंतशास्त्र्यांच्या घरावर आलेली वेळ दूर नसते. विकण्यासारखे सारे संपल्यावर माणसाजवळ शिक्षण व काम करण्याची तयारी एवढेच उरते.

आपल्या धर्मग्रामात वह्या, गणवेश व धान्य यांचे वाटप होते, ते व्हावेच. त्याबरोबर शाळा सुटलेला मुलगा कोणते काम शिकतो आहे, दहावी झालेल्या मुलीचे पुढील शिक्षण कोणी अडविले आहे, याची चौकशी आपण केली, तर रमाबाईंचे स्मरण सार्थकी लागेल.