संत गोन्सालो गार्सिया : वसईचा पुत्र, नागासाकीचा हुतात्मा

नालासोपारा पश्चिमेच्या गास गावातील चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाते. सोपाऱ्याला हुतात्म्यांची स्मृती नवी नाही. १३२१ मध्ये ठाण्यात मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन संन्याशांचे देह फादर जॉर्डन यांनी सोपाऱ्यात आणून पुरले होते. त्यानंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी, १५५७ च्या सुमारास, गोन्सालो वसईत जन्मले. वडील पोर्तुगीज, आई वसईचीच.

येशूसंघीय फादर सेबॅस्टियन गोन्साल्विस यांच्या हाताखाली ते शिकले आणि पंधराव्या वर्षाच्या आसपास येशूसंघीयांबरोबर जपानला गेले. तेथे सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले. जपानी भाषा त्यांनी अशी आत्मसात केली, की श्रोत्यांना परकेपणा जाणवू नये. संघात प्रवेश मिळावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती मात्र पूर्ण झाली नाही.

दुसरा एखादा तरुण अशा वेळी धर्मावरच रुसला असता. गोन्सालो मकावला गेले, व्यापारात उतरले आणि त्यात यशस्वीही झाले. परंतु संपत्तीत मन रमेना. अखेर मनिला येथे व्यापार सोडून ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे ब्रदर म्हणून.

१५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे दूत म्हणून पाठवले. त्यांचे दुभाषी होते गोन्सालो. पदाने ते सर्वांत धाकटे, पण त्यांच्यावाचून वरिष्ठांना दरबारात एक शब्दही बोलता येत नव्हता. या सामर्थ्याचा उपयोग त्यांनी स्वतःच्या मोठेपणासाठी केला नाही. क्योतोत मठ उभा राहिला, महारोग्यांची शुश्रूषा सुरू झाली.

१५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्यातील मालावरून वाद पेटला, मिशनरी हे परकीय आक्रमणाचे अग्रदूत असल्याचा संशय बळावला आणि डिसेंबरमध्ये अटकेचे हुकूम सुटले. कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची क्योतोत धिंड काढण्यात आली. त्यानंतर ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी ठार मारण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, सतरा प्रापंचिक आणि तीन येशूसंघीय होते. ज्या संघाचे दार गोन्सालोंना उघडले नव्हते, त्याच संघाचे तिघे त्यांच्या रांगेत होते. सर्वांत लहान लुई इबाराकी जेमतेम बारा वर्षांचा होता. गोन्सालो यांचे वय चाळीसच्या घरात होते.

१६२७ मध्ये त्यांना धन्य घोषित करण्यात आले, तर ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. १९९८ मध्ये स्वतंत्र वसई धर्मप्रांत स्थापन झाला. त्याचे आश्रयदाते संत म्हणजे हेच गोन्सालो गार्सिया.